कितवी शिट्टी?

कुकरच्या शिट्ट्या मोजणे हे जगातल्या सोप्या कामांपैकी एक. डाळीला चार, बटाट्याला तीन, राजमा असेल तर सहा-सात. त्याला शिक्षण लागत नाही, फारसे गणितही लागत नाही. तरीही घराघरांतून रोज एक प्रश्न ऐकू येतो, 'अहो, ही कितवी शिट्टी?' आणि कुकरपासून दहा फुटांवर पेपर वाचत बसलेल्या, कान शाबूत असलेल्या गृहस्थांना त्याचे उत्तर देता येत नाही. शिट्टी कानावर पडलेली असते, पण ऐकलेली नसते.

मोजणाऱ्या बाईचे काय होते ते जास्त पाहण्यासारखे आहे. दोन शिट्ट्या झाल्या. 'दोन' हा आकडा तिने मनात धरून ठेवला. तेवढ्यात बेल वाजते, दारात पार्सलवाला उभा, तो म्हणतो, 'ओटीपी सांगा.' ओटीपीचे आकडे डोक्यात शिरले की हा 'दोन' घरंगळून पडतो. ती परत येते तेव्हा कुकर शिट्टी देतच असतो. ही तिसरी की चौथी?

मेंदूत अशा तात्पुरत्या गोष्टी ठेवायची जी फळी आहे ती फार अरुंद आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एका प्रसिद्ध निबंधात सांगितले, की माणूस एका वेळी सुमारे सात गोष्टी मनात धरू शकतो, फार तर दोन इकडे, दोन तिकडे. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि हा आकडा चारच्या आसपास आणला. स्वयंपाकघरात मला चारच खरा वाटतो. फळीवर नवे काही ठेवले की जुने पडते. यात त्या बाईच्या हुशारीचा किंवा निष्काळजीपणाचा काही संबंध नाही.

पण आपण बोलतो कसे? 'लक्ष कुठे असते तुझे?' आमच्या घरातल्या उर्दूत म्हणतात, 'ध्यान किधर है तेरा?' भाषा कोणतीही असो, दोष माणसावर. मराठीत यासाठी एक जोडी फार सुंदर आहे. अवधान आणि व्यवधान. अवधान म्हणजे मन एके ठिकाणी लावणे. 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे हेच मागतात. व्यवधान म्हणजे मध्ये येणारी गोष्ट, आडपडदा. हा दुसरा शब्द नीट पाहा. पडदा बाहेर असतो, मनात नसतो. आज मला एवढेच सांगायचे आहे, की लक्ष उडते ते आपल्या स्वभावामुळे कमी आणि आपल्याभोवतीच्या मांडणीमुळे जास्त. मांडणी बदलता येते, आणि जिथे ती बदलली तिथे फरक पडलेला दिसतो.

आधी कामाच्या ठिकाणची गोष्ट. ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधक बाई. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात कार्यालयांत जाऊन, लोकांच्या मागे घड्याळ घेऊन बसून नोंदी केल्या. हातातले काम एकदा मोडले की त्याच कामाकडे परत यायला माणसाला सरासरी सुमारे २३ मिनिटे लागतात, असे त्यांना आढळले. हा आकडा हल्ली सगळीकडे फेकला जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की माणूस २३ मिनिटे शून्यात बघत बसतो. तसे नाही. मधल्या वेळात तो आणखी दोन-एक वेगळी कामे करून येतो. एका फायलीवरून फोनवर, फोनवरून दुसऱ्या फायलीवर, तिथून चहाला. आणखी एक गोष्ट या नोंदींत दिसली, ती जास्त बोचरी आहे. जवळजवळ निम्म्या वेळा काम मोडणारा दुसरा कोणी नव्हता, माणसाने स्वतःच हातातले सोडून दुसरे उचलले होते.

याच बाईंचा २००८ मधला एक प्रयोग आहे. त्यात ज्यांना सारखे अडवले त्यांनी काम लवकर संपवले. लवकर! कारण अडथळे येणार हे कळल्यावर माणूस घाई करू लागतो. पण त्यांच्यावरचा ताण वाढला, वैताग वाढला, वेळ पुरत नसल्याची भावना वाढली. म्हणजे मालकाच्या वहीत नुकसान दिसत नाही. ते दिसते संध्याकाळी सव्वासातच्या विरार लोकलमध्ये, बूट काढताना मुलावर ओरडणाऱ्या बापात. कामाचा पगार मिळतो, या ताणाचे बिल घरी येते.

सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये याचे एक कारण दाखवले. पहिले काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला, की मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो. भांडे बदलले तरी खरवड तळाशी राहावी तसे. दुसरे काम त्या खरवडीसकट शिजते. बँकेच्या खिडकीवर आपली स्लिप तपासत असलेल्या कर्मचाऱ्याला मध्येच 'साहेब, फक्त एक मिनिट' म्हणणारे आपण सगळेच असतो. ते एक मिनिट आपले असते, खरवड त्याची.

यावर कोणी विचारेल, की हे ऐकतानासुद्धा आम्ही दुसरे काम करतोच आहोत. बरोबर आहे. रेडिओ ऐकता ऐकता कोणी मेथी निवडत असेल, कोणी इस्त्री करत असेल, आणि दोन्ही नीट चालले असेल. मेथी हात निवडतात. सवयीच्या कामाला मनाची फळी लागत नाही. पण तेच तुम्ही बँकेचे पत्र वाचायला घ्या, एकतर मी हरवेन किंवा पत्र. रेडिओवाल्यांना आनंद होईल अशी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत स्ट्रेअर आणि जॉन्स्टन यांनी २००१ साली गाडी चालवण्याच्या नकली यंत्रावर प्रयोग केले. फोनवर बोलणारे लोक, फोन हातात असो वा नसो, दुपटीहून जास्त सिग्नल चुकवत होते. रेडिओ ऐकणाऱ्यांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. रेडिओ उत्तर मागत नाही ना! फोनवरचा माणूस आपल्या बोलण्याची वाट बघत असतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन गाडी चालवताना हातातला फोन वापरणे धोकादायक चालवण्यात धरले गेले, ते योग्यच झाले. पण अडचण हाताची नसून मनाची आहे, हे त्या प्रयोगातून दिसते.

आता मी राहतो त्या मीरा-भाईंदरकडे वळतो. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत इथे ५ लाख २० हजार माणसे होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे आली, आणि बहुतेक आली ती वन रूम किचनमध्ये. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला काशीमीऱ्याचा महामार्ग. हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीसमोर आजी, आजीच्या पायाशी दहावीचे पुस्तक उघडून बसलेली नात. 'मन लावून अभ्यास कर' असे तिला सांगितले जाते. मन लावायचे कुठे, ती जागा कोणी दाखवत नाही.

रुळाशेजारच्या मुलांचा अभ्यास या विषयावर जगातला एक फार गाजलेला अभ्यास आहे, तो न्यूयॉर्कचा. तिथल्या एका शाळेच्या अगदी जवळून उंचावरची रेल्वे जात असे. दर चार-पाच मिनिटांनी गाडी. गाडी आली की बाईंनी शिकवणे थांबवायचे, गेली की पुन्हा सुरू करायचे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली दाखवून दिले, की रुळाच्या बाजूच्या वर्गातली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे आहेत. सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ वर्षभराचे झाले होते. शाळा तीच, मुले त्याच वस्तीतली, भिंत फक्त वेगळी. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आच्छादन लावले. १९८१ मध्ये पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती. मुलांना एकाग्रतेचे व्याख्यान कोणी दिले नव्हते.

मात्र सगळा आवाज सारखा नसतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातली माणसे त्या उतरवून घेत. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तक निघाले तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. जात्याची घरघर ही काही शांतता नव्हे. पण ती एकसुरी असते, तिच्यात बातमी नसते, आणि हातांना सवयीचे काम असते. मन मोकळे राहते. मी कविता लिहितो, आणि बऱ्याच ओळी मला भाईंदरच्या खाडीपुलावर गाडी धडधडत असताना सुचल्या आहेत. मनाला जो आवाज मोडतो तो बोलण्याचा, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा. कोल आणि वेल्श यांनी १९७६ साली इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरांची यादी पाठ करायला दिली आणि पाठीमागे जर्मन वाचन लावले. भाषा अनोळखी, तरी चुका वाढल्या. आवाज हळू केला तरी फारसा फरक पडला नाही. मालिकेतल्या सासूचा आवाज दोन काड्या कमी करून नातीचा अभ्यास होईल असे आपल्याला वाटते, ते म्हणूनच फोल आहे. टीव्ही बंद तरी करावा, नाहीतर नातीला दुसरीकडे बसवावे.

लाउडस्पीकरबद्दल बोलायला माणसे कचरतात, कारण बोलणारा कोणत्या गल्लीतला आहे हे आधी पाहिले जाते. म्हणून मी नियमच सांगतो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले, की लाउडस्पीकर वापरणे हा कोणत्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. यातला 'कोणत्याच' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. अजान मला प्रिय आहे, शेजारच्या मंडळाची आरतीही मी ओळखीची म्हणून ऐकतो. पण परीक्षेच्या आदल्या रात्री भिंत हादरवणारा भोंगा, मग तो कुणाचाही असो, त्या पोरीच्या फळीवरून एकेक आकडा पाडत असतो.

लक्ष उडण्याची किंमत नेहमी मार्कांतच मोजली जाते असे नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे असंख्य गाळे आहेत. तिथे पत्रा कापायला, त्याला आकार द्यायला पॉवर प्रेस असतात. कारागीर पत्रा ठेवतो, पायाने पेडल दाबतो, वरून डाय येते, भांड्याचा आकार होतो. दिवसभरात हे शेकडो वेळा. हात सवयीने चालतात, आणि सवयीचे काम मनाला मोकळे सोडते असे मी मघाशीच म्हटले. इथे तेच घातक ठरते. कोणी हाक मारली, खिशात फोन थरथरला, पाय पेडलवर पडला आणि बोट आतच राहिले. देशभर पॉवर प्रेसवर बोटे गमावलेले कामगार आहेत. 'लक्ष ठेवून काम करा' अशी पाटी भिंतीवर असते. जिथे मालक शहाणा असतो तिथे पाटीबरोबर आणखी एक सोय असते, दोन बटणांची. डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने दुसरे, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर आहेत म्हणजे डायखाली नाहीत. मन तेव्हा कुठेही असो, बोटे शाबूत राहतात.

याच जातीचे, पण याहून चलाख उदाहरण वडाळ्याचे आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसे दगावली, आणि त्यात रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा फार मोठा आहे. दंड, उद्घोषणा, भिंती सगळे करून झाले होते. २००९च्या अखेरीस आणि २०१०मध्ये 'फायनल माइल' या मुंबईच्या संस्थेने रेल्वेबरोबर वडाळा स्थानकाजवळ तीन साध्या गोष्टी केल्या. एक, रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळे रंगवले. मोठी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा हळू येतेय असे वाटते, हा डोळ्यांचा जुना दोष. पिवळे पट्टे भराभर गाडीखाली जाताना दिसले की वेग कळतो. दोन, मोटरमनने एक लांबलचक भोंगा देण्याऐवजी मध्ये खंड पाडून दोन छोटे भोंगे द्यायचे. सलग आवाजाला मेंदू सरावतो, तुटलेल्या आवाजाला दचकतो. तीन, भीतीने किंचाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. पुढच्या सहा महिन्यांत तिथले मृत्यू आधीच्या सहा महिन्यांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. खर्च म्हणाल तर पिवळा रंग आणि थोडे फलक!

गाडीच्या आतही अशीच एक सोय आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत चालक आणि त्याचा सहायक समोरचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून मोठ्याने उच्चारायची पद्धत फार जुनी आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये चाचणी घेतली, तेव्हा बोट आणि उच्चार दोन्ही केल्यावर चुका सुमारे सहाव्या भागावर आल्या. ज्येष्ठ नागरिकांना मी हे आवर्जून सांगतो. गॅस बंद करताना 'गॅस बंद केला' असे मोठ्याने म्हणा. लोक हसतील, हसू द्या. कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जावे लागणार नाही.

आता ज्या गोष्टीवर फारसे बोलले जात नाही तिच्याकडे येतो. इंग्रजी कवी कोलरिज १७९७ साली 'कुब्ला खान' लिहीत होता, तेवढ्यात पोर्लॉक गावचा एक माणूस कामानिमित्त दारात आला, तासभर बसला, आणि कविता कायमची अर्धी राहिली, असे कोलरिजनेच पुढे १८१६ मध्ये सांगितले. तेव्हापासून साहित्यात पोर्लॉकचा माणूस बदनाम आहे. आम्हा कवींना ही गोष्ट फार आवडते, कारण न लिहिलेल्या सगळ्या कवितांचा दोष त्या बिचाऱ्यावर टाकता येतो.

पण आपल्या घरातल्या बाईकडे हा पोर्लॉकचा माणूस दिवसातून किती वेळा येतो? दूधवाला, कचऱ्याची गाडी, 'आई, माझे मोजे', 'अगं, माझा चष्मा', शाळेच्या ग्रुपवरचा निरोप, सासूची गोळी. पुरुष पेपर वाचत असला तर त्याला हाक मारण्यापूर्वी घर क्षणभर थांबते. बाईचे काम मोडायला परवानगी लागत नाही. तिच्या कामाला काम म्हणायची पद्धत नसल्यामुळे त्यात आलेल्या अडथळ्याला अडथळाही म्हटले जात नाही. आणि मग 'हल्ली विसरभोळी झालीस' हा शेरा मात्र तिलाच मिळतो. व्हर्जिनिया वूल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली मागितली. वन रूम किचनमध्ये ती कुठून आणायची?

हेच घरातल्या मुलीच्या वाट्याला येते, फक्त लवकर. दहावीचा मुलगा अभ्यासाला बसला की 'त्याला उठवू नका'. दहावीची मुलगी बसली की 'जरा ऊठ, पाहुण्यांना पाणी दे'. पाणी द्यायला दोन मिनिटे लागतात, हे खरे. पण गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागते आणि हे संध्याकाळी पाच वेळा होते. दोघांच्या मार्कांत पुढे फरक पडला तर त्याचे कारण प्रगतिपुस्तकात लिहिलेले नसते.

म्हणून अभ्यासिका ही मला आपल्या शहरातली मोठी गरज वाटते. महिन्याचे पैसे भरून खुर्ची मिळते अशा खासगी अभ्यासिका आहेत, पण त्या सगळ्यांना परवडत नाहीत, आणि रात्री तिथून मुलगी एकटी परत कशी येणार हा घरच्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर बऱ्याचदा इमारतीतच असते. गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय नावाची खोली महिन्यातले बहुतेक दिवस कुलपात असते. आत एक कपाट, दहा खुर्च्या, मागच्या गणेशोत्सवातले मखर.

माझ्या परिचयाच्या एका सोसायटीने ती खोली दोन वर्षांपासून परीक्षांच्या महिन्यांत संध्याकाळी सात ते दहा उघडी ठेवायला सुरुवात केली. मखर गच्चीवर गेले. दारात वॉचमनच्या टेबलावर एक टोपली ठेवली, तिच्यात फोन टाकून आत जायचे. घरच्यांना काही हवे असेल तर वॉचमनला सांगायचे, आणि त्याला सूचना आहे की आग लागल्याशिवाय आत हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात तीन मुले आली, महिन्याभरात खुर्च्या कमी पडल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुली आहेत. गेल्या मार्चपासून कोपऱ्यातली एक खुर्ची दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी घेतली आहे. त्या पोस्टाच्या आवर्ती ठेवीच्या एजंट आहेत. घरोघरून जमा केलेल्या हप्त्यांचा हिशेब घरात कधी एका बैठकीत जुळत नसे, असे त्या सांगतात. आता त्या आठ वाजता पासबुकांची पिशवी घेऊन खाली येतात आणि जाताना घरच्यांना सांगून येतात, की कुकर लावलाय, शिट्ट्या तुम्ही मोजा.